साधनांचा ठावठिकाणा : विद्यार्थ्यांच्या शोधनिबंधातील संदर्भसूचीविषयी प्रस्तावना

शोधनिबंधाच्या शेवटी येणारी संदर्भसूची, म्हणजे निबंधात ज्यांचा आधार घेतला त्या ग्रंथांची, लेखांची, अहवालांची, कागदपत्रांची आणि मुलाखतींची क्रमवार यादी, महाविद्यालयांमध्ये बहुधा निबंध बांधणीला देण्याआधी उरकण्याचा सोपस्कार मानली जाते, आणि तिची तपासणी स्वल्पविराम कोठे व पूर्णविराम कोठे एवढ्यापुरतीच होत असल्यामुळे विद्यार्थीही ती शेवटच्या घटकेला आधीच्या वर्षीच्या एखाद्या निबंधातून उतरवून घेतात. प्रस्तुत पुस्तिका ही समजूत बदलावी या हेतूने लिहिली गेली आहे. निबंधातील विधान कशाच्या बळावर केले आहे आणि तो आधार दुसऱ्या कोणाला स्वतः जाऊन पाहता येईल का, या दोन प्रश्नांचे उत्तर सूचीतच मिळायला हवे. ते मिळत नसेल तर विरामचिन्हे कितीही बिनचूक असली तरी सूची निकामी ठरते. नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेल्या धडगावात शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे, कारण सातपुड्याच्या या भागाविषयीची साधने एका ग्रंथालयात, एका भाषेत किंवा एका नावाखाली कधीच नव्हती. काही इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरात आहेत, काही न्यायालयाच्या निकालपत्रांत, काही तहसील कचेरीच्या दप्तरात, आणि फार मोठा भाग पावरा व भिल्ल समाजांतील वडीलधाऱ्यांच्या मुखी आहे.

प्रारंभी दोन-तीन संज्ञांचा उलगडा करणे आवश्यक आहे, कारण त्या एकमेकींच्या जागी सर्रास वापरल्या जातात. ज्या साधनांचा निबंधाच्या मजकुरात प्रत्यक्ष निर्देश केलेला असतो तेवढीच साधने संदर्भसूचीत येतात. विषय समजून घेण्यासाठी जे जे वाचले, मग ते मजकुरात आले असो वा नसो, त्या सर्वांच्या यादीला साधनसूची म्हणतात. मजकुरात विधानाच्या शेवटी कंसात दिलेले कर्त्याचे आडनाव, वर्ष आणि पृष्ठांक यांना मजकुरातील निर्देश म्हणतात, तर तेच काम पानाच्या तळाशी क्रमांक घालून केले तर ती तळटीप होते. निर्देश आणि सूची यांचे नाते सरळ आहे: मजकुरात जो निर्देश आहे त्याची पूर्ण नोंद सूचीत हवी, आणि सूचीत जी नोंद आहे तिचा निर्देश मजकुरात कोठेतरी सापडायला हवा. हा ताळा जुळतो की नाही हे कोणत्याही विद्यार्थ्याला तासाभरात पाहता येते, आणि तरीही सर्वाधिक निबंध याच ठिकाणी अडखळतात.

आधार सांगून लिहिण्याची रीत परकी आहे आणि विद्यापीठांच्या नियमांबरोबर वरून लादली गेली आहे, असा एक समज आढळतो. तो खरा नाही. आधाराशिवाय काहीही लिहिणार नाही अशी प्रतिज्ञा कालिदासाच्या काव्यांचा टीकाकार मल्लिनाथ याने करून ठेवली आहे. खानदेशापुरते बोलायचे तर, ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध करून पुढे तिचे २२ खंड संपादणारे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे अखेरचे वास्तव्य धुळ्याला होते; ३१ डिसेंबर १९२६ रोजी तेथेच त्यांचा मृत्यू झाला आणि त्यांचे संचित सांभाळण्यासाठी १९२७ मध्ये धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. मूळ कागद समोर ठेवल्याखेरीज इतिहास बोलू नये हा त्यांचा आग्रह होता. सूचीकार्याचे मराठीतील थोर उदाहरण मात्र शंकर गणेश दाते यांचे आहे. १८०० ते १९३७ या काळात छापल्या गेलेल्या मराठी ग्रंथांची त्यांची सूची १९४३ साली आणि १९३८ ते १९५० या काळाची १९६१ साली प्रसिद्ध झाली. ज्या भाषेत एका माणसाने दीड शतकाच्या मुद्रित वाङ्मयाची नोंद करण्याचे काम अंगावर घेतले, त्या भाषेतील विद्यार्थ्याला वीस-पंचवीस साधनांची नोंद नीट करता यावी ही अपेक्षा जास्त नाही.

आज जगभर ज्या पद्धती रूढ आहेत त्यांचा इतिहास फार जुना नाही. कर्त्याचे नाव आणि वर्ष मजकुरातच कंसात देण्याच्या पद्धतीचा उगम हार्वर्ड विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांनी १८८१ साली लिहिलेल्या निबंधात दाखवला जातो. शिकागो विद्यापीठाच्या मुद्रणालयाची नियमपुस्तिका १९०६ साली निघाली. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचे, ज्यांना आज एपीए म्हणून ओळखले जाते ते, नियम १९२९ साली एका नियतकालिकातील सात पानांच्या लेखाच्या रूपाने प्रथम आले. आणि भाषा-साहित्याच्या अभ्यासकांत एमएलए ही पद्धत रुळली. यांपैकी कोणती पद्धत वापरावी हे विभाग किंवा मार्गदर्शक ठरवील. महत्त्वाचे इतकेच, की एकदा निवडलेली पद्धत पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत तशीच राहिली पाहिजे. या चारही पद्धती ज्या देशांत घडल्या तेथील साधने छापील, नामांकित आणि ग्रंथालयात वर्गीकृत होती, आणि अक्राणीतील विद्यार्थ्याच्या हाती येणाऱ्या निम्म्याअधिक साधनांसाठी त्यांत तयार चौकट नाही. म्हणून या पुस्तिकेने नमुने पाठ करून घेण्यापेक्षा नोंदीतील प्रत्येक घटक का असतो हे समजावण्यावर भर दिला आहे, कारण घटकाचे कारण कळले की ज्याचा नमुना कोठेच छापलेला नाही अशा साधनाचीही नोंद विद्यार्थ्याला स्वतः घडवता येते.

कोणतीही नोंद मुळात चार गोष्टी सांगते: साधन कोणी निर्माण केले, केव्हा केले, त्याचे नाव काय आणि ते कोठे मिळेल. धडगाव परिसराचा अभ्यास करणारा विद्यार्थी लवकर किंवा उशिरा ज्या ग्रंथाशी पोहोचतो तो मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बारावा खंड उदाहरणादाखल घेता येईल. त्याची नोंद अशी होईल: मुंबई सरकार (१८८०), गॅझेटियर ऑफ द बॉम्बे प्रेसिडेन्सी, खंड १२ : खानदेश, मुंबई : गव्हर्नमेंट सेंट्रल प्रेस. येथे कर्ता म्हणून व्यक्तीऐवजी सरकार आले आहे, कारण ग्रंथ शासकीय आहे. मालेचे सर्वसाधारण संपादक जेम्स कॅम्बेल यांचे नाव पद्धतीनुसार शीर्षकानंतर देता येते. खंडाचा क्रमांक गाळला तर वाचकापुढे तीसेक जाडजूड ग्रंथांचा ढीग येतो. वर्ष गाळले किंवा पुनर्मुद्रणाचे वर्ष मूळ वर्ष म्हणून दिले तर त्याहून मोठी चूक होते, कारण पावरा समाजाविषयी त्यात आलेले वर्णन १८८० चे, एका परक्या राजवटीच्या अधिकाऱ्यांनी केलेले आहे, हेच वाचकापासून लपते आणि जुने मत आजचे वाटू लागते. नोंदीतील वर्ष साधनाचे वय सांगते आणि त्या वयावरून वाचक त्याच्यावर किती विसंबायचे हे ठरवतो. जुन्या मराठी पुस्तकांवर पुष्कळदा केवळ शकवर्ष छापलेले असते; त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो, मात्र शकवर्ष चैत्रात सुरू होत असल्याने जानेवारी ते मार्च या महिन्यांसाठी ७९ मिळवावे लागतात, आणि महिना ठाऊक नसेल तर शके १८२० साठी १८९८-९९ असे जोडवर्ष द्यावे.

नावे बदलण्याचा प्रश्न या जिल्ह्यात विशेष जाचक आहे. खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, पश्चिम खानदेश पुढे धुळे जिल्हा म्हणून ओळखला जाऊ लागला, आणि त्यातून १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. परिणामी नंदुरबार जिल्ह्याची १९९१ ची जनगणना पुस्तिका असे साधन अस्तित्वातच नाही. अक्राणी तालुक्याची त्या वर्षीची आकडेवारी धुळे जिल्ह्याच्या पुस्तिकेत शोधावी लागते आणि नोंदीतही धुळे असेच लिहावे लागते. विद्यापीठांचेही तसेच. १९४९ साली स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठाला २०१४ पासून सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे, तर १९९० साली जळगावला स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव आहे. या भागावरील १९८५ चा प्रबंध असेल तर तो बहुधा पुणे विद्यापीठाचा असणार आणि २००५ चा असेल तर उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचा. नियम असा की साधनाच्या मुखपृष्ठावर त्या वेळी जे नाव होते तेच नोंदीत द्यावे आणि आजचे नाव हवे असल्यास चौकटी कंसात जोडावे. हाच नियम शुद्धलेखनालाही लागू आहे: जुन्या इंग्रजी ग्रंथांत धुळ्याचे आणि पावरा या नावाचे स्पेलिंग आजच्यापेक्षा वेगळे असते, आणि विद्यार्थ्याने सद्हेतूने ते ‘सुधारले’ की ग्रंथालयाच्या तालिकेत तो ग्रंथ सापडेनासा होतो.

नर्मदेवरील सरदार सरोवर धरण हा तर या तालुक्यातील विद्यार्थ्यांचा वारंवार निवडला जाणारा विषय आहे, कारण महाराष्ट्रातील ज्या ३३ गावांना बुडिताची झळ लागली ती अक्कलकुवा आणि अक्राणी या दोन तालुक्यांतीलच आहेत. या विषयाची मुख्य कागदपत्रे लोकांच्या बोलण्यात टोपणनावांनी वावरतात आणि निबंधांतही तशीच उतरतात. ‘मोर्स समितीचा अहवाल’ असे सूचीत लिहिले तर तो मिळणे कठीण, कारण जागतिक बँकेने नेमलेल्या आणि ब्रॅडफर्ड मोर्स व थॉमस बर्जर यांनी १९९२ साली सादर केलेल्या त्या अहवालाचे छापील शीर्षक ‘सरदार सरोवर’ या शब्दांनी सुरू होते आणि पुढे ते स्वतंत्र आढाव्याचा अहवाल म्हणून स्वतःची ओळख देते. ‘लवादाचा निवाडा’ म्हणजे नर्मदा जलविवाद न्यायाधिकरणाचा १९७९ चा निवाडा, हे स्पष्ट लिहिले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाचा १८ ऑक्टोबर २००० चा निकाल नोंदवताना पक्षकारांची नावे, म्हणजे नर्मदा बचाओ आंदोलन विरुद्ध भारत सरकार, देऊन पुढे (२०००) १० एससीसी ६६४ असे लिहितात. हे आकडे प्रथमदर्शनी गूढ वाटले तरी त्यांचा अर्थ एवढाच आहे की ‘सुप्रीम कोर्ट केसेस’ या निर्णयसंग्रहाच्या २००० सालच्या दहाव्या खंडात ६६४ व्या पृष्ठावर हा निकाल सुरू होतो. शासन निर्णयांच्या बाबतीत विभागाचे नाव, निर्णय क्रमांक आणि दिनांक द्यावा, आणि अलीकडच्या निर्णयांच्या शेवटी जो लांबलचक संकेतांक छापलेला असतो तो आवर्जून उतरवून घ्यावा, कारण शासनाच्या संकेतस्थळावर तो टाकला की नेमका तोच कागद समोर येतो. ग्रामसभेचा ठराव, सातबारा उतारा किंवा वनहक्क दाव्याची प्रत ही अप्रकाशित साधने असल्याने त्यांच्या नोंदीत कागद कोणत्या कार्यालयात किंवा कोणाच्या ताब्यात पाहिला हे सांगणे अटळ ठरते.

व्यक्तिनामांच्या बाबतीत पुस्तिकेने एपीए पद्धतीपासून जाणीवपूर्वक फारकत घेतली आहे. त्या पद्धतीत आडनाव पूर्ण देऊन उरलेल्या नावाची फक्त आद्याक्षरे देतात. नंदुरबार जिल्ह्यात पावरा, पाडवी, वळवी, वसावे, तडवी अशी मोजकी आडनावे हजारो कुटुंबांना आहेत, आणि आद्याक्षरांपुरते नाव दिले तर दोन भिन्न अभ्यासक, किंवा दोन भिन्न गावांतील दोन भिन्न माणसे, सूचीत एक होऊन जातात. ज्यांनी पिढ्यानपिढ्या स्वतःविषयी दुसऱ्यांचे लिखाण वाचले त्या समाजातून आता लेखक-संशोधक पुढे येत असताना त्यांची नावे आकसून टाकणारा नियम स्वीकारण्याचे कारण नाही. म्हणून येथे आडनाव, स्वतःचे नाव आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव, लेखकाने जसे छापले असेल तसे, पूर्ण द्यावे असे सुचवले आहे. टोपणनावाने लिहिलेल्या ग्रंथाची नोंद टोपणनावाखालीच करावी, वि. वा. शिरवाडकरांची नाटके शिरवाडकर या नावाखाली आणि कविता कुसुमाग्रज या नावाखाली येतील, आणि दोन्हींकडे परस्परनिर्देश राहील.

पुस्तिकेतील सर्वांत मोठे प्रकरण मौखिक साधनांचे आहे, आणि ते तसे असणे योग्य आहे. होळीची गाणी, इंदल पूजेतील गायन, बियाणे राखून ठेवण्याची रीत, कैरी चिरून-वाळवून आमचूर करण्याचा आणि विकण्याचा हिशेब, बुडितात गेलेल्या गावाच्या शिवारातील जागांची नावे, यांविषयी छापील साधन क्वचितच मिळते. प्रचलित पद्धतींत मुलाखत हा ‘व्यक्तिगत संवाद’ समजला जातो, आणि तो वाचकाला पुन्हा मिळवता येत नाही या कारणाने एपीए पद्धतीत त्याला सूचीत जागाच नाही. मजकुरात ओझरता निर्देश केला की काम भागते. याचा परिणाम असा होतो की चार पानांच्या इंग्रजी लेखाचा कर्ता सूचीत मानाने बसतो आणि निबंधाचा निम्मा मजकूर जिच्या सांगण्यावर उभा आहे ती पाड्यावरची आजी निनावी राहते. हे अन्याय्य आहे, आणि शास्त्रीय दृष्ट्याही चूक आहे, कारण माहितीचा खरा उगमच त्यामुळे वाचकापासून दडवला जातो. कॅनडातील क्री समाजाच्या ग्रंथपाल लोरिशिया मॅक्लाउड यांनी नेमका हाच आक्षेप घेऊन आदिवासी ज्येष्ठांच्या आणि ज्ञानधारकांच्या कथनाची नोंद सूचीत करण्याचे नमुने तयार केले आहेत, आणि त्यांत व्यक्तीबरोबर तिच्या समाजाचा व भूमीचाही उल्लेख असतो. तितके दूर जाण्याचीही गरज नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील नियमांपैकी १३ वा नियम दाव्याच्या पुराव्यांत दावेदाराखेरीज अन्य वडीलधाऱ्यांचे लेखी उतरवून घेतलेले निवेदन ग्राह्य धरतो. जमिनीचा हक्क ठरवताना कायद्याला जे कथन चालते ते विद्यार्थ्याच्या सूचीला चालू नये, याला काही आधार देता येत नाही.

अशा नोंदीत सांगणाऱ्याचे पूर्ण नाव, अंदाजे वय, गाव आणि पाडा, कथनाचा विषय, ते पावरी, भिली की मराठी अशा कोणत्या भाषेत झाले, मुलाखत कोणी, कोठे आणि कोणत्या दिवशी घेतली, मराठी रूप कोणी केले आणि ध्वनिमुद्रण किंवा लिहून घेतलेली प्रत कोठे ठेवली आहे, इतके तपशील यावेत. विस्थापित कुटुंबांच्या बाबतीत गाव हा घटक दुहेरी होतो: नर्मदाकाठचे मूळ गाव आणि आजची वसाहत, उदाहरणार्थ तळोदा तालुक्यातील रोझवा पुनर्वसन, ही दोन्ही लिहावीत, कारण कथन एका ठिकाणचे असते आणि ते सांगणारा माणूस दुसऱ्या ठिकाणी भेटतो. भाषांतरकाराचे नाव गाळण्याची सवय तर मोडलीच पाहिजे; पावरीतून मराठीत येताना पुष्कळ काही बदलते आणि तो बदल कोणाच्या हातून झाला हे वाचकाला कळण्याचा हक्क आहे. मात्र या साऱ्याच्या आधी संमती येते. नाव छापावे का, आवाज जपून ठेवावा का, हे सांगणाऱ्या व्यक्तीला तिच्या भाषेत विचारले पाहिजे. जमिनीचा वाद, स्थलांतर, आजारपण किंवा पूजाविधीतील न उघडण्याच्या गोष्टी यांविषयी बोलणाऱ्याने नाव देऊ नका म्हटले तर सांकेतिक क्रमांक द्यावा आणि तसे का केले ते सूचीच्या टिपेत नोंदवावे. संमतीने दिलेले नाव आणि संमतीअभावी राखलेले मौन या दोन्हींची नोंद सारखीच काटेकोर असू शकते.

इंटरनेटवरील साधनांची नोंद करताना कर्ता, वर्ष आणि शीर्षक यांबरोबर पूर्ण पत्ता आणि पान पाहिल्याची तारीख द्यावी. नियतकालिकातील लेखाला डीओआय हा कायमचा ओळखक्रमांक असेल तर पत्त्याऐवजी तोच पुरेसा आहे, आणि विद्यापीठीय प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या भांडारात पाहिला असेल तर तसे म्हणावे. व्हॉट्सॲपवरून हाती आलेली, मुखपृष्ठ गळालेली पीडीएफ ही आजची नेहमीची अडचण आहे. तिचे मूळ सापडेपर्यंत तिला सूचीत घेऊ नये. एखादा उतारा मूळ ग्रंथात न पाहता दुसऱ्याच्या पुस्तकातून घेतला असेल तर ज्या पुस्तकात तो प्रत्यक्ष पाहिला त्याचीच नोंद करावी. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी साधने मागितल्याबरोबर नीटनेटकी संदर्भसूची तयार करून देतात, परंतु तिच्यातील काही ग्रंथ कधी लिहिलेच गेलेले नसतात. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधील एका संघराज्य न्यायालयाने असेच अस्तित्वात नसलेले निवाडे दाखल करणाऱ्या वकिलांना पाच हजार डॉलरचा दंड केला. विद्यापीठ अनुदान आयोगाचे वाङ्मयचौर्यविरोधी विनियम २०१८ पासून लागू आहेत, पण साम्याची टक्केवारी मोजणारे यंत्र खोटी नोंद ओळखत नाही. जे साधन डोळ्यांनी पाहिले किंवा कानांनी ऐकले नाही ते सूचीत येऊ नये, एवढी एकच कसोटी येथे पुरते.

राहिला प्रश्न क्रमाचा. नोंदी कर्त्याच्या आडनावानुसार अकारविल्हे लावाव्यात हे सर्वमान्य असले तरी मराठीत अकारविल्हे क्रम वाटतो तितका निर्विवाद नाही, आणि त्याची प्रचिती या जिल्ह्यातील आडनावांतच येते. मराठी वर्णमालेत ळ हा वर्ण ह नंतर येतो, त्यामुळे वसावे आधी आणि वळवी नंतर. युनिकोडच्या तक्त्यात मात्र ळ ची जागा ल ला लागून आहे, त्यामुळे मजकुराची भाषा मराठी आहे हे न सांगता संगणकाकडून क्रम लावून घेतला तर वळवी वर जातात आणि वसावे खाली. क्ष आणि ज्ञ यांचेही तसेच: मराठी परंपरा त्यांना वर्णमालेच्या अखेरीस ठेवते, तर संगणक त्यांना क आणि ज यांची जोडाक्षरे मानून त्या त्या वर्णाखाली घालतो. अनुस्वारयुक्त अक्षर आधी घ्यावे की नंतर, याविषयी कोशकारांतही एकवाक्यता नाही. या पुस्तिकेत मराठी वर्णमालेचा क्रम पाळला आहे, अनुस्वारयुक्त अक्षर बिनअनुस्वाराच्या अक्षरानंतर घेतले आहे, आणि मराठी, इंग्रजी व मौखिक साधने तीन स्वतंत्र विभागांत ठेवली आहेत; ज्या विद्यार्थ्याचा विभाग वेगळा क्रम मागतो त्याने तो खुशाल पाळावा, मात्र कोणता क्रम पाळला आहे हे सूचीच्या माथ्यावर एका वाक्यात लिहून ठेवावे.